भारद्वाजाच्या गळ्यातले नाव

एका राज्यात राजा गेला की सारे थिजून जाई. तिथली रीतच तशी होती, आणि रीतीपुढे कोणाचेच काही चालत नसे. राजाने प्राण सोडला, की त्याचे म्हणून जे जे असेल ते ते जागच्या जागी थांबे. हत्तीची सोंड उचललेली ती उचललेलीच, कारंजे उडालेले ते उडालेलेच. नवा धनी ठरला की पुन्हा सारे चालू लागे. अमावस्येपर्यंत ठरला नाही, तर मात्र सगळ्याचा कायमचा दगड होई.

राजा सुषेण गेला तेव्हा राजकन्या शाल्मली बागेत फुले तोडत होती. माथ्यावरचा पोपट हवेतच थांबलेला तिने पाहिला आणि ती धावत सुटली. महालाच्या दारात तिच्या हातून परडी गळून पडली. पलंगावर राजा निश्चल. उशाशी तिची आई, राणी वसुमती, राजाच्या ओठांशी पाण्याची वाटी धरून बसलेली. वाटीतून निघालेला थेंब अधांतरी. शाल्मलीने आईला हाक मारली, खांदे धरून हलवले. आईचे डोळे उघडे होते आणि हात गार पडले होते.

पलंगाशेजारी रांजण होता, तोंडापर्यंत भरलेला. उमेदीच्या वर्षांत आपल्या बळातले थोडे थोडे रांजणात साठवायचे आणि केस पिकले की दरसाल ओंजळभर काढून प्यायचे, असा तिथला प्रघात होता. सुषेण राजाने साठवले भरपूर, पण प्यायला मात्र एक थेंब नाही. "पुढे लागेल," म्हणे! अंथरुणाला खिळल्यावर आणखी पुढे म्हणजे कुठे, ते त्याचे त्यालाच ठाऊक. भरल्या रांजणाशेजारी बाप अशक्तपणाने गेला, हे पाहून शाल्मली सुन्न झाली.

मग तिने डोळे पुसले. सारे थिजले आणि आपण तेवढ्या हलतो-बोलतो, त्या अर्थी वारस आपणच, असे तिने मनाशी धरले. तिच्या जागी कोणीही हेच धरले असते. ती गच्चीवर गेली. तिथे राज्याचा साक्षी बसे, लाल डोळ्यांचा, तांबूस पंखांचा भारद्वाज. साक्षी राज्याचा, राजाचा नव्हे, म्हणून तो थिजत नसे. राजाने सांगितलेले वारसाचे नाव तो गळ्यात जपून ठेवी आणि राजा गेल्यावरच उच्चारी. पक्षी बोलतो याचे तिथे कोणाला नवल नव्हते.

"पक्षिराज, नाव उच्चारावे आणि माझ्या आईला सोडवावे."

"नाव आहे धूम्रकेश."

धूम्रकेश! ज्या मायाव्याने रागाच्या एका फुंकरीसरशी पश्चिमेकडची गावेच्या गावे मिठाची करून टाकली, माणसांसकट, गुरांसकट, तो धूम्रकेश!

"आपली काही चूक होते आहे," ती कशीबशी म्हणाली.

"चूक माझी नव्हे. तरुणपणी ते दोघे जिवाचे मित्र होते. तेव्हा राजाने हे नाव सांगितले. पुढे भांडण झाले, राजाचे लग्न झाले, तू झालीस. मी दरसाल खिडकीत जाऊन विचारी, 'महाराज, नाव तेच ठेवू का?' राजा जेवायला बसलेला असे. घास चावता चावता हात हलवून म्हणे, 'राहू दे तेच.'"

"कोणाचे नाव, ते विचारले नाही?"

"कधीच नाही."

"मग मी का थिजले नाही?"

"तू त्याची नव्हतीस. तू जन्मलीस तेव्हा राजाने तुला हातांवर घेतले आणि म्हणाला, 'ही कोणाची नाही, हिची हीच.'"

हसावे की रडावे, शाल्मलीला कळेना. बापाने एवढे मोठे दान दिले आणि एवढे साधे काम करायचे राहून गेले!

"आणि आई?"

"जे जे थिजले, ते सारे आता धूम्रकेशाचे; त्याने 'हो' म्हटले की सुटेल, पण त्याचे होऊन. त्याने स्वतःच्या तोंडाने 'नको' म्हटले, तरच रीत पुढचा माणूस शोधील."

शाल्मली निघाली. भारद्वाज तिच्या खांद्यावर बसला. पश्चिमेला मिठाची गावे लागली. एका दारात मिठाची बाई उभी होती, कडेवर मिठाचे मूल. शाल्मलीने पाहिले आणि मान फिरवली.

धूम्रकेश मिठाच्या माळावर एकटाच राहत असे, वाळून काटकी झालेला म्हातारा. राज्य त्याच्या नावे आहे आणि त्याने 'नको' म्हणावे, हा निरोप ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझे नाव? अजून?" तो पुटपुटला. मग म्हणाला, "तीन कामे कर. मग ठरवीन. पहिले, खाऱ्या विहिरीचे गोडे पाणी आण."

शाल्मली विहिरीच्या काठावर बसली आणि इतका वेळ दाबून धरलेले रडू तिने मोकळे केले. आसवे पाण्यात पडली आणि विहीर गोडी झाली.

"दुसरे, मिठाच्या गाईचे दूध काढ."

शाल्मलीने मिठाचे वासरू ढकलत ढकलत नेऊन गाईच्या कासेशी लावले. गाईला पान्हा फुटला.

"तिसरे, खरे सांग. सुषेणाने इतकी वर्षे माझे नाव का ठेवले?"

हे विचारताना म्हाताऱ्याचा आवाज कापला. 'प्रेमापोटी' एवढा एक शब्द उच्चारला की आई सुटली! तिने पक्ष्याकडे पाहिले. पक्ष्याने डोळे मिटून घेतले. आकाशात चंद्राची जेमतेम कोर उरली होती.

"बाबा विसरले," ती म्हणाली. "नाव बदलायचे विसरले."

म्हाताऱ्याने हात उगारला. आता आपलेही मीठ होणार, अशा समजुतीने शाल्मली जागीच गोठली. पण तो हात पक्ष्याकडे वळला.

"पहिल्यांदा नाव सांगितले, तेव्हा तो काय म्हणाला होता?"

"म्हणाला, 'धूम्रकेशाशिवाय दुसरे आहे कोण मला?'"

धूम्रकेशाने तोंड झाकून घेतले. "म्हणाला होता ना एकदा? मग पुरे. मला नको. तो रागही नको. काहीच नको."

त्या शब्दासरशी मीठ झडले. गावे अंग झटकत उठली. कडेवरचे मूल सगळ्यांच्या आधी रडले.

"आता कोण?" शाल्मलीने विचारले.

"नाकारलेला वारसा शेवटपर्यंत उशाशी बसलेल्याचा," पक्षी म्हणाला, आणि शाल्मली घराकडे धावत सुटली.

महालाच्या दारात पक्ष्याने राणीचे नाव उच्चारले आणि अधांतरी थेंब टपकन पडला. शाल्मली पलंगाशी पोहोचली तेव्हा आई राजाला म्हणत होती, "महाराज, घोटभर तरी घ्यावे." पाणी हनुवटीवरून ओघळत होते. राणी ते पदराने टिपी आणि पुन्हा वाटी ओठांना लावी. शाल्मलीने हळूच वाटी काढून घेतली.

"आई, बाबा गेले. उद्या अमावस्या."

"असे कसे होईल?" राणी म्हणाली. "आत्ताच तर माझ्याकडे पाहिले त्यांनी."

शाल्मलीने तिला मिठीत घेतले. बाहेर कारंजे पुन्हा पडू लागले होते.

राणी वसुमती गादीवर बसली. तिने पहिली आज्ञा केली ती रांजणाची: ज्याचे केस पिकले, त्याने आपली ओंजळ दरबारात, सगळ्यांदेखत प्यावी. स्वतःची ती आधी प्याली. माळावरच्या म्हाताऱ्यालाही तिने एक ओंजळ धाडली.

वर्षाने भारद्वाज खिडकीत आला तेव्हा राणी जेवत होती. त्याने चोच उघडली मात्र, राणीने घास ताटात ठेवला, हात धुतला आणि लेकीचे नाव स्पष्ट उच्चारले. शेजारी बसलेल्या शाल्मलीला बापाची इतकी आठवण आली की तिला पुढे जेववेना.

त्यांचे थिजलेले सुटले, तसे ऐकणाऱ्यांचेही सुटो. आणि तुमच्या खिडकीत भारद्वाज येऊन बसला, तर तोंडातला घास आधी गिळावा.