चांदीच्या डबीतली किल्ली

दसऱ्याची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि रणधीरराव सरनोबत नव्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये ऐटीत बसले. त्यांनी बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्मच. अंगणातले पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

रणधीररावांची नजर दाराकडे गेली. तिथे त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, इंदुमतीवहिनी, उभ्या होत्या.

"तरीच! शुभ कामाच्या वेळी समोर कशाला आलात? वहिनी, आजच्या आज माहेरी निघा."

कुणीही मध्ये पडलं नाही. एरवी वहिनी मान खाली घालून आत गेल्या असत्या. आज थांबल्या.

"जाते. पण भावजी, माझ्यामुळे अडली असेल, तर मी आत बसल्यावर मुळीच सुरू होणार नाही. एकदा बघू द्या. किल्ली कुठाय?"

"पूजेतली आहे. चांदीच्या डबीत घालून खिशात ठेवलीय," म्हणत ते गाडीतून उतरले आणि त्यांनी डबी पुढे केली.

वहिनी गाडीत बसल्या. समोरच्या पडद्यावर 'किल्ली सापडत नाही' अशी अक्षरं होती. त्यांनी डबी उघडली, हळदीकुंकवाने माखलेली किल्ली बाहेर काढली आणि बटण दाबलं. गाडी गरजली.

"बंद डबीतून किल्लीचा सिग्नल गाडीला मिळत नाही, भावजी. अपशकुन दारात नव्हता, तुमच्या खिशात होता."

पाहुण्यांत कुणीतरी हसलं. वहिनी हसल्या नाहीत.

"तुमचे भाऊ गेले तेव्हाही सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. त्या दिवशी मात्र कुणी स्वतःचा खिसा चाचपून बघितला नाही."