कोऱ्या शीटवरची नावं

फार पूर्वी एका रोपवाटिकेच्या संगणकातल्या मोठ्या फाईलमध्ये प्रत्येक झाडाची एक शीट राहायची. पहिली मात्र कोरीच होती. "काय गं रिकामटेकडे!" जास्वंद तिला चिडवायची.

पडद्यावर फिरणारा माऊसचा बाण शीट उघडेल तेव्हाच त्या झाडाच्या रोपांना पाणी मिळे. एकेक शीट ओलांडत तो शेवटच्या बकुळीपाशी पोचेपर्यंत दिवस मावळायचा.

"बाणदादा, माझी रोपं सुकली रे," बकुळ रडली.

कोरी म्हणाली, "दादा, सगळ्यांची नावं माझ्या अंगावर लिही. जिच्या नावाला टेकशील, थेट तिच्या दारात पोचशील."

"मग तुझं स्वतःचं काय उरेल?"

"तू इथूनच निघशील ना, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी बकुळीच्या रोपांना सकाळीच पाणी मिळालं. बाण माघारी वळला, तर बकुळीने त्याच्या परतीच्या वाटेसाठी आपल्या कोपऱ्यात एक नाव लिहून ठेवलं होतं: कोरी.

मग जास्वंदीनेही लिहिलं.