आमदारांचा जीवनपरिचय

एकदा एक मनुष्य निवडणूक जिंकून आमदार झाला. मिरवणूक संपली, अंगावरचा गुलाल धुतला गेला, आणि तालुक्याच्या गावी त्याचा भव्य सत्कार करण्याचे ठरले. समारंभात नव्या आमदारांच्या जीवनाचा नि कार्याचा परिचय वाचून दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच वर्तमानपत्रात द्यायचा, अशी योजना होती. हा परिचय लिहिण्याचे काम तिथल्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाकडे आले. तो परगावचा होता, पण त्याची भाषा सुरेख होती. आमदारांच्या माणसांनी जे सांगितले, ते त्याने मन लावून लिहून काढले.

हा शिक्षक रोज संध्याकाळी गावातल्या एका वृद्ध गुरुजींकडे शिष्य म्हणून अध्ययनासाठी जात असे. परिचय पूर्ण होताच तो मोठ्या उत्साहाने त्यांना वाचून दाखवू लागला. बालपणाची गरिबी झाली, शिक्षणासाठीची पायपीट झाली. मग नदीच्या आंदोलनाचा भाग आला. तो त्याला स्वतःलाच फार आवडला होता. तेवढ्यात गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवले, पायांत वहाणा सरकवल्या आणि म्हणाले, "चल. हे आधी एका बाईंना वाचून दाखव."

"कोण त्या?"

"आधी वाच. मग विचार."

नदीकाठच्या भोईवाड्यात गिरजाबाई नावाची एक म्हातारी ओट्यावर जाळे विणत बसली होती. गुरुजींनी खूण केली आणि शिष्याने वाचायला सुरुवात केली. कारखान्याच्या घाण पाण्याने मासे मरून काठाला लागले. तेव्हा हा निधड्या छातीचा तरुण फाटकासमोर आडवा झोपला, त्याने कारखान्याचे ट्रक अडवले. लाठीने त्याचा खांदा मोडला. तुरुंगात माफीनामा पुढे ठेवला गेला, पण त्याने सही केली नाही.

गिरजाबाईचे हात केव्हाच थांबले होते.

"लई चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "आमच्या लहानूचं आजवर कुणी लिवलं न्हाई. सुटून आला तो रगत थुकतच आला. वरीसभर बी जगला न्हाई माझा भाऊ." मग ती शिष्याकडे वळली. "पर मास्तर, तुमी नाव दुसरंच वाचलं. हे तर त्या ट्रकवाल्याचं नाव. आता निवडून आलाय बघा, त्यो. नाव तेवढं दुरुस्त करा."

शिष्याला मान वर करवेना. परतीच्या वाटेवर मात्र त्याचा संताप उफाळून आला. "गुरुजी, हा निव्वळ दरोडा आहे. तुम्हाला ठाऊक होते, साऱ्या गावाला ठाऊक होते. मग घरीच का नाही सांगितले मला?"

"घरी सांगितले असते, तर तू चार ओळी खोडून मोकळा झाला असतास," गुरुजी म्हणाले. "त्याने कारखान्याला ट्रक पुरवले, हा त्याचा इतिहास आहे. तो त्याने उघड सांगावा आणि तरीही लोकांनी त्याला निवडून द्यावे. माझी तक्रार नाही. पण ज्याच्या अंगावर ट्रक घालायला निघाला, त्याच्याच जखमा दागिन्यासारख्या मिरवून हा मते मागतो! खोटे त्याचे आहे, बाबा, पण त्याला रूप दिलेस तू. आणि उद्या टाळ्या वाजवणार आहोत आम्ही. लहानूची नदी तर गेलीच होती, आता त्याचे मरणही आपण सगळे मिळून दुसऱ्याच्या नावावर करतो आहोत."

"आता मी काय करू?"

"तिने सांगितले आहे की तुला."

सत्काराच्या दिवशी मैदान भरले होते. शिष्याने परिचय वाचायला घेतला. आमदार डोळे मिटून, हात जोडून ऐकत होते. नदीचा भाग आला आणि शिष्य थांबला, म्हणाला, "इथे मी लिहिताना एक नाव चुकलो होतो. फाटकासमोर झोपले ते लहानू भोई. खांदा मोडला तो त्यांचा. त्या दिवशी अडवलेले ट्रक आजच्या सत्कारमूर्तींचे होते." आमदारांनी डोळे उघडले. पुढच्या शब्दाला ध्वनिक्षेपक बंद पडला आणि दोघा कार्यकर्त्यांनी शिष्याला दंडाला धरून खाली उतरवले. समोरच्या हजारो लोकांपैकी कोणी हलले नाही. थोड्या वेळाने वाद्ये वाजू लागली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जुनाच परिचय छापून आला, शब्द न् शब्द शिष्याचा. संस्थेने त्याला शाळेतून कमी केल्याचेही त्याच दिवशी कळवले. तो भोईवाड्यात गेला आणि गिरजाबाईच्या ओट्यापाशी उभा राहिला.

"बाई, दुरुस्ती केली होती मी. पण त्यांनी छापली नाही."

"छापलेलं मला कुठं वाचता येतंय?" गिरजाबाई म्हणाली. "काल कर्ण्याचा आवाज हितवर येत हुता. लहानूचं नाव ऐकलं मी. भोईवाड्यानं समद्यानं ऐकलं." तिने जाळे बाजूला सारून त्याला बसायला जागा केली.

शिष्य बसला. नोकरी गेल्याचे तिला सांगावे असे त्याच्या मनात आले होते, पण ते त्याने सांगितले नाही. जे ज्याचे होते, ते त्याला पोहोचले होते.