बाभळीवरची घंटा

कोणे एके काळी एका माळरानावर मेंढरांचा कळप होता. त्याच्यापुढे भुऱ्या नावाचा एडका चालायचा. त्याच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजामागून अख्खा कळप जायचा. भुऱ्या थकला, तेव्हा धनगराने ती घंटा काढून बाभळीला अडकवली.

निरोपाला सारा कळप जमला. भुऱ्या म्हणाला, "आज खरं सांगतो. मला वाट कधीच ठाऊक नव्हती. धनगर पुढे मूठभर शेंगा धरायचा, मी त्यांच्यामागे जायचो आणि तुम्ही माझ्यामागे. आता इथलं गवत संपलंय. आपापल्या नाकाने वास घ्या आणि हिरवं दिसेल तिकडे निघा."

"आबांचा केवढा हा मोठेपणा!" काजळी मेंढी गहिवरली. "आबा, तुमचा शब्द आम्ही खाली पडू देणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मनावरचं ओझं उतरलं, असं वाटून भुऱ्या सावलीला जाऊन पडला. संध्याकाळी उठून पाहतो तो काय, कळप बाभळीखालीच उपाशी उभा!

"अरे, अजून निघाला का नाहीत?" त्याने विचारलं.

"निघायचंच आहे, आबा," काजळी वर बघत म्हणाली. "वारा पडलाय ना. घंटा वाजली की लगेच निघतो."