डोंगराचे मुद्दल

एका राज्यात तांब्याचा डोंगर होता, आणि त्याच्या जिवावर राजा सुमेध हत्तींना तोडे व महालांना कळस चढवीत होता. दर वर्षाअखेर जमेची वही राखणारे जमेनीस विसाजीपंत भर दरबारात वाचीत, "तांबे, नऊ हजार खंडी. उत्पन्न." दरबार जयजयकार करी.

एके वर्षी 'उत्पन्न' हा शब्द ओठांतून सुटला मात्र, राजकन्या मृण्मयीची पावले तांब्याची झाली. घटकेघटकेला तांबे वर चढू लागले. वैद्य हरले, मांत्रिक हरले. तेव्हा एक भारद्वाज पक्षी गवाक्षात उतरला व म्हणाला,

"राजा, हा डोंगराचा शाप. तांबे मुखाशी पोचले की कन्येची मूर्ती होईल. ज्याने वही लिहिली त्याने तीन गोष्टी शोधाव्या. डोंगरात उरले किती? उपसले त्याचे झाले काय? आणि वहीतला खोटा शब्द कोणता?"

"खोटा?" पंत कडाडले. "चाळीस वर्षांत रुक्याची चूक नाही!"

"आकडे खरेच आहेत, पंत. बसा पाठीवर."

पक्ष्याने पंख पसरले. पंत नाम घेत खाणीच्या तळाशी उतरले, भिंतीला हात लावून विचारते झाले. डोंगर म्हणाला, "आणखी अकरा वर्षे. मग मी पोकळ."

मग ते राज्यभर हिंडले. तोडे म्हणाले, "आम्ही मिरवतो." कळस म्हणाले, "आम्ही चमकतो." परदेशी विकलेल्या तांब्याच्या जागी मेजवान्यांची उष्टी पाने होती. नवांतला एकच भाग सापडला. तो पाटांचे दरवाजे होऊन शेतांना पाणी सोडीत होता.

इकडे तांबे कन्येच्या छातीशी आले.

खाणीच्या तोंडाशी भागू नावाची खाणकरीण टोपली उतरवीत होती. पंतांनी घाईने विचारले, "बाई, आजचे उत्पन्न किती?"

भागू खळखळून हसली. "उत्पन्न? अवो पंत, जोंधळा उत्पन्न होतो, वासरू होतं. ह्ये आमी नुसतं काढतो. काढलं की संपलं!"

पंतांना वहीतला खोटा शब्द उमगला. ते दरबारी परतले.

"महाराज, शब्द सापडला. पण त्याच्या जागी खरा शब्द वाचला तर आपली भरभराट तूट ठरेल."

राजाने दरबारात बसलेल्या परराज्यांच्या वकिलांकडे पाहिले. "कानात सांगा."

पंतांनी कानात सांगितले. तांबे हनुवटीला भिडले. कन्येचे डोळे तेवढे हलत होते.

"मोठ्याने, महाराज!" पंत ओरडले. "माझ्या नव्हे, आपल्या मुखाने!"

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने वही घेतली, आपल्या हाताने शब्द खोडला, आणि मोठ्याने वाचले, "तांबे, नऊ हजार खंडी. उत्पन्न नव्हे, मुद्दल. ते ईश्वराने सर्व पिढ्यांसाठी ठेवले होते. एक हजार कामी लागले. आठ हजार आम्ही खाल्ले."

वकील हसले. राजाने त्यांना हसू दिले.

तांबे उन्हातल्या दवासारखे उतरले. मृण्मयी दीर्घ श्वास घेऊन म्हणाली, "बाबा, किती वेळ लावलात!"

त्या वर्षी राज्याची वही तुटीत मिटली. पुढे खाणीतून निघे त्याचे आधी तळे किंवा पाट होई, मगच दुसरी टोपली वर येई. परमेश्वराची ठेव ठेव म्हणून लिहिली गेली, शाप सरला, प्रजा सुखावली. ऐकणाऱ्यांनाही तशीच सद्बुद्धी लाभो.