न वितळलेला खडा

एका गावात एक बाई होती आणि तिचं एकच गाऱ्हाणं होतं. "मी सांगते ते खरं निघतं, तरी एक मेलं माणूस माझ्यावर विश्वास ठेवत नाही!"

गाऱ्हाणं खोटं नव्हतं. एकदा ती म्हणाली, विहिरीत साप आहे. लोक म्हणाले, दोरी असेल. मग ती दोरी पोहत पोहत काठाला आली आणि घागरी टाकून सगळे पळाले. पळाले ते पळाले, पण कोणी म्हणालं का, की बाई, तुझं खरं होतं? छे! उलट म्हणाले, "हिनं नाव काढलं म्हणून साप आला."

आता काय बोलावं अशा लोकांना!

ते गाव बांगड्यांचं. गावाच्या मधोमध काचेची भट्टी, भट्टीला एक मालक, आणि भट्टीत काय जाईल ते निवडणारी ही बाई. गाव तिला मावशी म्हणायचं. तिच्यापुढे काचेच्या तुकड्यांची रास पडायची आणि ती डाळीतले खडे काढावेत तशी नको ती काच काढून टाकायची.

बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे आपल्याही घरात आहे. पण त्या गावात त्याचा कहर झाला होता. भट्टीच्या आवारात 'फुटली' हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं तोंडात मिठाचा खडा धरायचा आणि तो विरघळेपर्यंत भट्टीच्या ओट्यावर गप्प उभं राहायचं. कोणालाही माफी नाही. मावशीच्या तोंडात किती मीठ गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

मग मालकाच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं.

गावची रीत अशी, की नवरीच्या चुड्यासाठी घराघरातून काच यायची. कोणी जुन्या बांगडीचे तुकडे द्यायचं, कोणी बाटलीचं बूड. सगळ्या घरांची काच एका मुशीत वितळवायची, म्हणजे सगळ्या घरांचा आशीर्वाद नवरीच्या हातात. रीत गोडच आहे, मी नाही म्हणत नाही. पण आशीर्वाद एकत्र होतो म्हणून काच एकत्र होते काय?

काच सगळी दिसायला सारखी, पण विस्तवापुढे प्रत्येकीचा स्वभाव निराळा. ती बर्फासारखी एकदम पाणी होत नाही. आधी मऊ पडते, मग वाकते, मग मधासारखी ओघळते. त्यात बांगडीची काच हळवी, लवकर नमते. बाटलीची तिच्याहून हट्टी, तिला जाळ वाढवावा लागतो. आणि मोठ्या दिव्याची चिमणी, म्हणजे वातीभोवती बसवतात ती काचेची नळी, ती तर मुलखाची ताठ. बाकीच्या दोघी वाहायला लागल्या तरी ती आपली कडा सोडत नाही.

राशीत मावशीला नेमका चिमणीचा मोठा तुकडा सापडला.

"ही कोणी टाकली?" तिनं हाक मारली.

मालक शेजारीच होता. तो म्हणाला, "असू दे की. चिमणी रोज जाळ सोसते, वर थंड पाणी उडालं तरी तडकत नाही. इतकी मजबूत काच चुड्यात असली तर वाईट काय?"

"मालक, ती एकटी मजबूत. दुसरीबरोबर नांदत नाही," मावशी म्हणाली. "तुरीची डाळ आणि हरभरा एकदम शिजत घाला बघू. डाळीचं वरण होईल आणि हरभरा दाताखाली तसाच. आणि हिचं तर त्याहून वाईट. गार होताना बांगडीची काच जास्त आकसते, ही जेमतेम आकसते. एक ओढते, दुसरी ढिम्म हलत नाही. मग काय होतं ते मी बोलत नाही, मला मीठ नको."

"बरं बरं. ठेव बाजूला," मालक म्हणाला.

मावशीनं तुकडा टाकाऊ काचेच्या टोपलीत टाकला, मालकानं टोपलीच्या खोलीला रात्रीपुरतं कुलूप घातलं आणि ती घरी गेली.

चुडा तयार झाला. हिरवागार! गाव बघायला लोटलं. मांडव भट्टीच्याच आवारात घातला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी कासारीण चुडा भरायला बसली, तेव्हा मावशीनं त्यातली एक बांगडी उचलून उन्हात धरली आणि निरखून बघितली. हिरव्या काचेत बारीक पांढरे खडे होते. साबुदाण्यासारखे. कोणीतरी ती चिमणी कुटून मुशीत घातली होती.

"थांब!" ती कासारणीवर ओरडली. "भरू नकोस! या सगळ्या फुटतील!"

झालं. लग्नाच्या दिवशी, नवरीसमोर, असा शब्द!

"जीभ झडो तुझी!" कासारीण म्हणाली.

"माझी जीभ झडू दे, पण आधी बांगडी बघ ना, बये! उन्हात धर!"

कोणी बघितलं का? एकानंही नाही. सगळे धावले ते मिठाकडे. चांगला मोठा खडा आणला, मावशीच्या तोंडात कोंबला आणि तिला ओट्यावर उभं केलं. मालकाकडे तिनं डोळ्यांनी किती विनवलं. मालकानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

तिच्या डोळ्यांदेखत चुडा भरला गेला. तिच्या डोळ्यांदेखत नवरीला हळद लागली. मग नवरीला न्हाणाच्या पाटावर बसवलं आणि बायकांनी कढत पाण्याचा तांब्या तिच्या हातांवर ओतला. पाठोपाठ करवलीनं थट्टेनं गार पाणी उडवलं.

टण्ण!

सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं, तांब्या वाजला.

टण्ण! टण्ण!

मग कोणी हसलं नाही. नवरी पाटावर बसलेली, हात गुडघ्यांवर. कोणी तिला शिवत नव्हतं, कशाचा धक्का नव्हता, आणि बांगड्या आपोआप एकीमागून एक उडत होत्या. हिरवे तुकडे हळदीच्या पाण्यात पडत होते. मनगटावरून रक्ताची बारीक धार आली. पोर रडलीसुद्धा नाही. नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली, जणू ते हात तिचे नव्हतेच.

"अगं बाई, फुटली! फुटली!" वरमाई किंचाळली.

तिला मात्र कोणी मीठ दिलं नाही, बरं का.

"न्हाणाच्या पाटावर रिकामे हात! अशी पांढऱ्या पायाची पोरगी मी घरात घेऊ? माझ्या लेकाला गिळायला? गाड्या जुंपा! वऱ्हाड परत चाललं!"

नवरीनं बापाकडे बघितलं. बाप पागोट्याचा शेव चाळवत खाली बघत होता. पोटच्या पोरीला भर मांडवात अवलक्षणी म्हणतायत आणि हा बाप पागोट्याचा शेव चाळवतोय! मला अजून ऐकवत नाही हे.

कासारीण म्हणाली, "पोरीचा काय दोष? हिच्या तोंडाचा दोष!" आणि तिनं ओट्याकडे बोट केलं. "हीच बोलली ना, फु... तसलं काहीतरी? बोलली आणि झालं!"

"खरंच की!" लोक म्हणाले. "सापाच्या वेळी असंच झालं होतं!"

"हाकला हिला गावातून!"

मालकानं मान वर केली आणि हळूच डोलावली. म्हणजे हो म्हणाला!

मावशीनं मिठाचा खडा थुंकला. "माझ्या बोलण्यानं काच तडकते काय? ठीक आहे. आता मी बोलतच नाही!" असं म्हणून तिनं आपल्या पदराचा बोळा केला आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडात कोंबला. मग ती ओट्यावरून उतरली, नवरीचा हात धरला आणि तिला ओल्या हळदीच्या लुगड्यात तशीच भट्टीपाशी घेऊन गेली.

पोर भट्टीवरच वाढलेली. मावशीनं नुसती बोटं दाखवली आणि तिला कळलं. तिनं भट्टीच्या तोंडावर अंतर सोडून दोन लोखंडी सळया टाकल्या, त्यांच्यावर आडवा बांगडीचा तुकडा ठेवला, शेजारी बाटलीचा. मावशीनं टाकाऊ काचेची टोपली उलटी केली. रिकामी! ती कपाळाला हात लावून इकडेतिकडे बघायला लागली.

"काय पाहिजे, मावशी? चिमणीची काच?" नवरीनं विचारलं. मावशीनं मान हलवली. "आमच्याकडे आहे ना! आमच्या दिव्याची चिमणी मांजरानं पाडली. तिचं बूड आबांनी फडताळात ठेवलंय. आणते."

"कशाला? राहू दे!" मालक म्हणाला. पण पोर गेलीसुद्धा.

बूड घेऊन आली आणि त्याचा एक तुकडा काढून तिसरा म्हणून सळयांवर ठेवला. कोणीतरी भाता मारायला लागलं. गाव आणि वऱ्हाड, दोन्ही पुढे सरकलं. गाड्यांना जुंपलेले बैल तसेच उभे.

थोड्या वेळात बांगडीचा तुकडा मध्ये लवला. दोरीवर ओलं लुगडं टाकल्यावर दोरी लवते तसा.

"वाकली!" पोरं ओरडली.

भाता जोरात चालला. बांगडीच्या काचेचा थेंब होऊन खाली ओघळला, तेव्हा कुठे बाटलीची काच लवायला लागली. आणि चिमणी? लालबुंद झाली, पण ताठच्या ताठ. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी.

वरमाई पुढे येऊन बघायला लागली. "पण त्यानं काय होतंय?" ती म्हणाली.

मावशीनं बोट नाचवलं, थांबा म्हणून. नवरीनं सळईच्या टोकावर बांगडीची वितळलेली काच घेतली. एक थेंब दुसऱ्या बांगडीच्या तुकड्यावर लावला. एक थेंब चिमणीच्या तुकड्यावर. दोन्ही घट्ट चिकटले. दोन्ही राखेत ठेवून तिनं सावकाश अर्धेमुर्धे निवू दिले. मग चिमट्यानं उचलून विटेवर ठेवले आणि सगळ्यांना मागे सरकवलं. मावशी तर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. तोंडात पदर. नजरसुद्धा नको लागायला!

सगळ्यांचे डोळे विटेवर.

पहिला तुकडा गार झाला. अखंड. दुसराही गार झाला, चांगला अखंड दिसत होता. कासारीण कुजबुजली, "बघा, काही झालं ना—"

टण्ण!

थेंब उडाला तो तिच्या पायाशी येऊन पडला. ती अशी मागे सरली की वरमाईच्या अंगावर पडली.

"आत्ता कोण बोललं?" नवरीनं विचारलं. "मावशी बोलली? का मी हात लावला? माझे पाय पांढरे म्हणून उडाला हा थेंब?"

ज्यांनी मीठ कोंबलं होतं ते आपापल्या चपला बघत होते.

नवरीनं उरलेलं चिमणीचं बूड उचललं आणि एकाएकी ती थबकली. बूड फिरवून फिरवून बघितलं. मग तिचा आवाजच बदलला.

"आबा, हिचा वरचा भाग कुठाय?"

मालक पुन्हा पागोट्याचा शेव चाळवायला लागला.

"राशीत मावशीला सापडला तो आपल्याच घरचा होता. आणि टोपलीतून काढून कुटला कोणी? टोपलीच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, आबा?"

आता गावानं मालकाकडे बघितलं. तो मटकन खाली बसला.

"तुझ्या आत्याचा चुडा वर्षाच्या आत उतरवावा लागला," तो म्हणाला. "या हातांनी केला होता मी तो. मला वाटलं, जी काच जाळाला भीत नाही ती घालावी. तुझा चुडा कधी वाढू नये, पोरी. एवढंच होतं मनात."

बायकांनी डोळ्याला पदर लावले. खोटं कशाला बोलू, मायेनंच केलं होतं त्यानं.

पण पोरीचे डोळे कोरडे. ती म्हणाली, "चिमणी घातलीत ती मायेनं घातलीत, कळलं. ती चूक. पण मला पांढऱ्या पायाची म्हणत होते, तेव्हा तुम्हाला खरं माहीत होतं. मावशीला हाकलत होते, तेव्हाही माहीत होतं. तेव्हा मान डोलावलीत, ती कोणाच्या मायेनं?"

बापानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

वरमाई पुढे आली. मावशीच्या तोंडातला पदर तिनं आपल्या हातानं काढला. "बाई, बैल सोडायला सांगते," ती म्हणाली. "दुसरा चुडा होईपर्यंत आम्ही थांबतो. काच तुम्हीच निवडा."

"निवडीन," मावशी म्हणाली. "पण आधी हिला हळदीचं दूध द्या आणि हाताला फडकं बांधा, नुसत्या बघत काय बसल्यात सगळ्या! आणि ऐका, ह्या बांगड्याही कधीतरी फुटतील. काचेच्या आहेत. फुटल्या तर तुकडे झाडायचे, सुनेला नाही!"

तिनं भर मांडवात तो शब्द दोनदा उच्चारला आणि कोणी मिठाकडे गेलं नाही.

लग्न लागलं. गावची रीतही राहिली, घराघरातून काच अजून येते, पण मावशीनं काढून टाकलेला तुकडा कोणी परत घालत नाही. या गोष्टीत मी कोणाला नाव दिलं नाही, बघा. मावशीला नाही, नवरीला नाही, वरमाईलासुद्धा नाही. त्या गावानं एकच नाव लक्षात ठेवलंय.

यातून घ्यायचं ते एवढंच: सांगणाऱ्याच्या तोंडात मीठ कोंबून संकट टळत नाही, आणि मायेनं केलेली चूक पोटात घालता येते, पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी बसताना जो गप्प बसतो त्याला माफी नाही. म्हणूनच त्या गावात मुशीतून न वितळलेला खडा निघाला, की भट्टीवाले तो चिमट्यात धरून विचारतात, "हा कोणाचा?" आणि लहानथोर सगळे मिळून त्या मालकाचं नाव घेतात: हैबती.