मोटेच्या कातड्याचं सील

सन एकोणीसशे एकाहत्तर. चैत्र संपायला आठ दिवस उरले होते. कोल्हापुरात बाबालाल नावाचा एक मोटारमिस्त्री होता. हात सोन्याचा, पण तोंड हातापेक्षा मोठं.

दाजीसाहेब वकिलांनी आपली छत्तीस सालची विलायती गाडी त्याच्याकडे आणली. गाडी नवरीसारखी नटलेली, पण स्टिअरिंगच्या पेटीतून तेल गळायचं. अक्षय्य तृतीयेला मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा होता. तिथे पंच प्रत्येक गाडीखाली पांढरं धोतर अंथरत. तासाभरात एक डाग पडला की गाडी बाद.

“मिस्त्री, जमेल ना?” दाजीसाहेबांनी विचारलं.

“धोतरावर एक थेंब पडला, तर पुन्हा पान्हा हातात धरणार नाही,” बाबालाल म्हणाला. तेही चार माणसांसमक्ष.

त्याने स्टिअरिंगचं चाक उतरवलं. दांड्यावरची लांब नळी ओढून काढली. पेटी खोलली. आतले सुटे छर्रे मोजून वाटीत ठेवले आणि कोणता भाग कुठे बसतो त्याच्या खुणा छिन्नीने केल्या. कामात खोट नव्हती. तेल अडवणारं सील मात्र वाळून कोळसा झालं होतं. ते कातड्याचं होतं, आणि तसं नवं कुठल्याच बाजारात मिळेना.

बाबालालने चपलेच्या तळव्याचं जाड कातडं आणलं, कापलं आणि बसवलं. सगळं पुन्हा जोडलं. सकाळी खालच्या कागदावर डाग होता. पुन्हा सगळं खोललं. या वेळी दोन थर घातले, जीव खाऊन आवळले. सकाळी पुन्हा डाग.

मग तो चपलांच्या गल्लीत यल्लाप्पाकडे गेला. यल्लाप्पा सत्तरीचा. विहिरींवर बैलांनी पाणी ओढायच्या कातडी मोटा चालत होत्या तेव्हा तो मोटा शिवायचा. त्याच्या मोटेतून पाणी ठिबकत नसे.

“मामा, कातडं तेल धरत नाही.”

यल्लाप्पाने सील बोटांत दाबून पाहिलं. “हे तळव्याचं. ह्येला भार सोसायचा ठाव. धार अडवायचं ठाव न्हाई.”

त्याने आढ्याचं एक गाठोडं सोडलं. आत हातभर कातडं होतं. “शेवटच्या मोटंचं. इंजनं आली, मोटा गेल्या. एवढं ठिवलं हुतं.” त्यातलंच त्याने सील कापलं. “दोन दिस एरंडेलात मुरू दे. केसाची बाजू दांड्याकडं. आन आवळू नगंस. तेल पिऊन फुगतंय त्ये, आपली जागा आपण धरतंय.”

“पैसे किती?”

“पैसं नगंत. कुणी इचारलं तर माझं नाव सांग.”

“सांगेन.”

बाबालालने पेटी तिसऱ्यांदा खोलली. सांगितलं तसंच केलं. सकाळी कागद कोरा होता.

मेळ्यात तास उलटला. पंचांनी गाडीखालून धोतर ओढून उन्हात धरलं. पांढरं स्वच्छ. लोक जमले. पुण्याहून आलेल्या एका मिस्त्रीने विचारलं, “सील कुठून आणलंत हो? मुंबई?”

बाबालालने मिशीवर हात फिरवला. “हे दोन हात. बाजारात मिळत नाहीत.”

सगळे हसले. त्यांच्या मागे यल्लाप्पा छत्री टेकून उभा होता. तोही बघायला आला होता. त्याने ते ऐकलं. वळला आणि चालू लागला.

बाबालालला त्याची पाठ दिसली. तोवर दाजीसाहेबांनी पुकारा करून मानाचा फेटा मागवला होता. फेट्याचा पहिला वेढा डोक्यावर बसला, आणि बाबालालने कापड धरलं.

“थांबा. मी खोटं बोललो. माझं सील दोनदा गळलं. हे यल्लाप्पामामांचं. मोटेच्या कातड्याचं. ते बघा, चाललेत.”

पान्ह्याच्या शपथेची गोष्ट मेळ्यात पसरलीच होती. पुण्याचा मिस्त्री म्हणाला, “दोनदा गळलं? मग पान्हा ठेवायचा की खाली.”

“ठेवतो. आधी फेटा जागेवर पोचू दे.”

त्याने खिशातला पान्हा काढून दाजीसाहेबांच्या हातात दिला आणि लोकांतून वाट काढत गेला. भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, त्याने तो फेटा यल्लाप्पाच्या डोक्याला बांधला. वेढे नीट बसेपर्यंत बांधला.

परत आला तेव्हा दाजीसाहेबांनी पान्हा त्याच्यापुढे धरला. “बोली धोतराची होती. धोतर कोरं आहे.”

यल्लाप्पाने फेट्याला एकदा हात लावून पाहिला. “फिटलं,” म्हणाला, आणि छत्री उघडून गल्लीकडे निघून गेला.

तात्पर्य: दुसऱ्याची विद्या वापरली, तर चारचौघांत त्याचं नाव घ्यावं. त्याखेरीज काम पुरं होत नाही.